कार्बोरेटरचा पेच आणि छोट्या व्यापाऱ्याचा हिशोब

छोटा व्यापारी महिन्याचा हिशोब मांडतो तेव्हा दुकानाचे भाडे, वीजबिल, नोकराचा पगार, हमाली आणि टेम्पोचे भाडे हे सगळे वहीत येते. परंतु ज्या मोटारसायकलवर त्याचा निम्मा धंदा चालतो, तिचा खर्च बहुधा खिशातून जातो आणि वहीत कुठेच दिसत नाही. पेट्रोल आज शंभराचे, उद्या दोनशेचे असे भरले जाते. मिस्त्रीलाही कधी पन्नास, कधी दोनशे दिले जातात. वर्षअखेर कुणी बेरीज केलीच तर आकडा पाहून आश्चर्य वाटते. म्हणून या वेळी कापडाचे भाव बाजूला ठेवून आम्ही एका लहानशा पितळी पेचाविषयी लिहीत आहोत.

नवी मुंबईत दुचाकीशिवाय फिरतीचा धंदा होत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे वेगवेगळ्या नोडचे हे शहर वसत गेले. वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली ही ठाण्याकडची बाजू, तर नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल ही दुसरी. लोकल आहे, बस आहे. परंतु हातात शर्टिंगचे दोन तागे आणि नमुन्यांची पिशवी घेऊन दिवसात दहा दुकाने करायची, जमल्यास महापेचा चढ चढून शिळफाट्यामार्गे भिवंडी गाठायची, तर मोटारसायकलच लागते.

आणि ही मोटारसायकल बहुधा जुनी असते. १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १००, त्याच सुमाराची यामाहा आरएक्स १००, १९९४ ची स्प्लेंडर आणि तिच्या नंतरच्या आवृत्त्या, यांपैकी कितीतरी गाड्या आजही माल वाहत आहेत. त्यांचे सुटे भाग मिळतात, किंमत कधीच वसूल झालेली असते आणि नव्या गाडीचा हप्ता डोक्यावर नसतो. अडचण वेगळीच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. आज गॅरेजमध्ये शिकणारा मुलगा संगणकाची वायर जोडून दोष शोधायला शिकतो. इंजिनचा आवाज ऐकून पेच लावणारे जुने मिस्त्री कमी होत चालले आहेत. त्यामुळे जुनी गाडी वापरणाऱ्याने हे काम निदान समजून तरी घेतले पाहिजे. स्वतः केले तर उत्तमच.

कार्बोरेटर करतो काय?

आमच्या उर्दू शाळेत एक शब्द होता, मीझान. त्याचा अर्थ तराजू आणि बेरीजही. कार्बोरेटरचे काम हेच आहे. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल वर येते आणि दोन्ही मिसळून आत जातात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा ते पंधरा किलो हवा लागते. पेट्रोलचे पारडे जड झाले की काळा धूर येतो, प्लग काजळतो आणि पेट्रोल फुकट जाते. हवेचे पारडे जड झाले की इंजिन तापते, पिकअप पडतो आणि एक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरमध्ये फटके वाजतात.

बाहेरून फिरवता येणारे पेच दोनच असतात. एक रेसचा पेच. तो गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने चालावे हे ठरवतो. दुसरा मिश्रणाचा पेच, ज्याला सगळे एअर स्क्रू म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा दुसरा पेच फक्त गाडी उभी असताना आणि एक्सिलरेटर अगदी थोडा, साधारण पाव भाग उघडलेला असताना काम करतो. मधल्या वेगाचा कारभार आतल्या सुईकडे असतो आणि पूर्ण वेगाचा मुख्य जेटकडे. तेव्हा चढावर गाडी दमत असेल तर बाहेरचा पेच फिरवून उपयोग नाही.

पेचाला हात लावण्याआधी

पेच हा पहिला उपाय नव्हे, शेवटचा आहे. गाडी नीट चालत नाही असे दिसताच पेचकस घेऊन बसणारे बरेच असतात. खरा दोष मात्र दुसरीकडेच असतो आणि पेच फिरवल्याने तो झाकला जातो.

प्रथम एअर फिल्टर पाहावा. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि कापडाच्या गोदामातले तंतू त्यात अडकतात. फिल्टर तुंबला की हवा कमी पडते आणि गाडी जास्त पेट्रोल पिते. मग प्लग काढून पाहावा. विटकरी किंवा फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण बरोबर आहे. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर पेट्रोल कमी. टॅपेट आणि एक्सिलरेटरची केबल तपासावी. हँडल वळवताच रेस आपोआप वाढत असेल तर केबल ताणली गेली आहे असे समजावे.

कार्बोरेटर आणि इंजिन जेथे जोडले जातात तेथील रबरी रिंग जुनी होऊन हवा खेचू लागते. अशा गाडीची रेस कधी वर जाते, कधी खाली येते. कितीही पेच फिरवा, ती जागेवर थांबत नाही. थोड्या रुपयांची रिंग बदलली की दोष जातो.

शेवटी कार्बोरेटरची खालची वाटी. तिच्या तळाशी एक लहान पेच असतो. इंजिन थंड असताना, पेट्रोलची तोटी बंद करून आणि आसपास विडी-सिगारेट किंवा पेटता दिवा नसल्याची खात्री करून तो सैल करावा व आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर आधी टाकी आणि वाटी साफ करावी. जेट साफ करताना त्यात तार किंवा सुई घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र किंचित मोठे झाले तरी गाडीची पेट्रोलची भूक कायमची वाढते. पंपाच्या हवेने फुंकणे एवढेच पुरे.

पेच कसा लावावा

गाडी दोन-चार किलोमीटर चालवून इंजिन चांगले गरम करावे. थंड इंजिनवर लावलेला पेच गरम इंजिनला लागू पडत नाही. चोक पूर्ण उघडा असल्याची खात्री करावी. मग इंजिन बंद करून मिश्रणाचा पेच हलक्या हाताने आत फिरवावा व किती फेऱ्यांत तो बसतो ते मोजून लिहून ठेवावे. ही जुनी खूण हाताशी असली की काही बिघडले तरी मूळ जागी परत येता येते. पेच आत बसला की थांबावे. जोर लावला तर त्याचे टोक आणि बसायची जागा दोन्ही खराब होतात.

आता पेच साधारण दीड फेरा बाहेर घ्यावा. बऱ्याच लहान गाड्यांची योग्य जागा याच्या आसपास असते, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळतो. इंजिन चालू करून रेसचा पेच थोडा वाढवावा, म्हणजे इंजिन बंद पडणार नाही. मग मिश्रणाचा पेच एका दिशेने पाव फेरा फिरवावा आणि काही सेकंद थांबून आवाज ऐकावा. घाई करू नये, इंजिनला उत्तर द्यायला वेळ लागतो. रेस चढली तर त्याच दिशेने आणखी थोडे जावे, पडली तर उलट दिशेला यावे. ज्या जागी इंजिन सर्वात जलद आणि एकसारखे चालते ती जागा बरोबर. तेथे पेच सोडून रेसच्या पेचाने वेग खाली आणावा. शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाडीला मिनिटाला सुमारे १४०० फेरे योग्य. मीटर नसेल तर गाडी न थरथरता, बंद न पडता शांत उभी राहील इतकाच वेग ठेवावा. मग मिश्रणाचा पेच पुन्हा एकदा पाहावा, कारण एक बदलला की दुसऱ्यावर परिणाम होतो.

पेच कोणत्या बाजूला आहे हेही पाहावे. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर त्यातून हवा जाते. अशा वेळी आत फिरवला की पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि बाहेर काढला की घटते. तो इंजिनच्या बाजूला असेल तर बरोबर उलटे होते. एका गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर फसतो तो येथेच.

शेवटची परीक्षा सोपी आहे. एक्सिलरेटर एकदम उघडावा. इंजिनने न अडखळता उठले पाहिजे आणि सोडताच लगेच शांत झाले पाहिजे. उघडताना अडखळले तर बहुधा पेट्रोल कमी पडते आहे. सोडल्यावर रेस रेंगाळत खाली आली तर हवा जास्त आहे.

अॅव्हरेजचा मोह

आता धंद्याचा मुख्य मुद्दा. ‘शेठ, पाच किलोमीटर अॅव्हरेज वाढवून देतो,’ असे मिस्त्री म्हणाला की आपल्याला आनंद होतो. आमच्याकडे नमुने पोहोचवणाऱ्या मुलाच्या गाडीवर असाच प्रयोग झाला. मिस्त्रीने सुईची क्लिप एक खाच वर बसवली, त्यामुळे सुई खाली उतरली आणि पेट्रोल आवळले गेले. सपाट रस्त्यावर मुलगा खूष होता. परंतु मागे तागे बांधून महापेचा चढ चढताना गाडी तापून दम टाकू लागली. दुसऱ्या मिस्त्रीने क्लिप मूळ खाचेत बसवली तेव्हा ती सरळ झाली.

कागदावर मांडून पाहा. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी ५५ चे अॅव्हरेज देत असेल तर सुमारे १८ लिटर पेट्रोल लागते, ६० चे दिले तर सुमारे साडेसोळा. बचत दीड लिटर, म्हणजे लिटरला शंभर रुपये धरले तर महिन्याला दीडशे रुपये, वर्षाला अठराशे. उलट इंजिन तापून व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचे काम निघाले तर खर्च हजारांत जातो, शिवाय गाडी उभी राहते तितके दिवस गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. मापात कापड कमी देऊन वाढवलेला नफा जसा टिकत नाही, तशीच ही बचत. स्वच्छ फिल्टर, टायरमध्ये पुरेशी हवा, न घासणारे ब्रेक आणि योग्य ताणाची चेन यांतून मिळणारे अॅव्हरेज मात्र खरे असते.

बदललेले पेट्रोल

जुन्या गाडीवाल्यांना आज आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते. वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आले आणि २०२५ मध्ये देशाने ते उद्दिष्ट गाठले. एक किलो इथेनॉलला जळायला सुमारे नऊच किलो हवा लागते. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढेच मिश्रित पेट्रोल आले तर हवेचे पारडे किंचित जड होते. ज्या गाडीचे पेट्रोल आधीच आवळलेले आहे तिला हे अधिक जाणवते. अॅव्हरेजही थोडे घटते. दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींत ही घट तीन ते चार टक्के असेल, असा अंदाज नीती आयोगाने २०२१ च्या आराखड्यात दिला होता. तेव्हा एवढी घट दिसली म्हणून पेच आवळत बसू नये.

दुसरे असे की इथेनॉल पाणी ओढते. नवी मुंबईच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर उभी केली तर तळाशी पाणी आणि गंज जमण्याची भीती असते. जुने रबरी पाइप आणि रिंगा फुगतात किंवा तडकतात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर तोटी बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. रबरी पाइप वेळेवर बदलावा. गळका पाइप आणि गरम इंजिन एकत्र येणे ही आगीला निमंत्रण देण्याची गोष्ट आहे.

पीयूसी आणि आरटीओ

खाजगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्याची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. पीयूसीची तपासणी इंजिन जागेवर चालू ठेवून होते, म्हणजे नेमका आपल्या पेचाच्या हद्दीत. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो. त्यानंतरच्या, बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ३.५ टक्क्यांपर्यंत. काही जण तपासणीपुरता पेच आवळतात आणि बाहेर येऊन पुन्हा सोडतात. वर सांगितल्याप्रमाणे लावलेल्या निरोगी इंजिनला या कसरतीची गरज सहसा पडत नाही. उलट, पीयूसीच्या कागदावरचा आकडा हा आपला पेच तपासण्याचे स्वस्त साधन आहे. तो जपून ठेवावा आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहावा. आकडा एकदम वाढला असेल तर आधी फिल्टर आणि प्लग पाहावा.

व्यापारी बंधूंना आमची सूचना एवढीच आहे की दुकानाच्या वहीत एक पान मोटारसायकलसाठी ठेवावे. त्यावर तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल, मिस्त्रीचा खर्च आणि मिश्रणाचा पेच किती फेऱ्यांवर आहे हे लिहावे. दोन-तीन महिन्यांत गाडीचा स्वभाव कळू लागतो आणि मिस्त्रीशी बोलतानाही आपण अंदाजाने नाही तर आकड्याने बोलतो. परिसरात जुन्या गाड्यांचा जाणकार मिस्त्री असेल तर त्याची मजुरी न घासता द्यावी आणि दुकानातला एखादा होतकरू मुलगा सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे बसवावा. हे काम हाताने आणि कानाने शिकायचे आहे आणि शिकवणारे आहेत तोवरच ते शिकता येईल.