नववा रकाना

टर्बो सीचा निळा पडदा, भोवती दुहेरी रेघांची चौकट आणि आत ठसठशीत, एकाच रुंदीची अक्षरं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत संगणक शिकलेल्या कित्येक तुकड्यांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख या पडद्यावर झाली. ही अक्षरं टर्बो सीने आणलेली नव्हती. ती संगणकाच्या डिस्प्ले कार्डावरच्या रॉममध्ये कोरलेली असत आणि त्यांचं कूळ आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या पीसीपर्यंत पोहोचतं.

सगळी अक्षरं एकाच मापाची का, याचं उत्तर स्मृतीच्या टंचाईत आहे. त्या पीसीच्या एकरंगी कार्डाचा (एमडीए) पडदा ७२० बाय ३५० ठिपक्यांचा होता. प्रत्येक ठिपका स्मृतीत ठेवायचा तर सुमारे ३१ केबी लागले असते, आणि सर्वांत स्वस्त पीसीची मूळ स्मृतीच १६ केबी होती. म्हणून पडद्याचे ८० बाय २५, म्हणजे २,००० खण पाडले. प्रत्येक खणाला दोन बाइट: एक अक्षराचा क्रमांक, दुसरा त्याच्या रूपाचा, म्हणजे ठळक, अधोरेखित वगैरे. सगळं ४ केबीत बसलं. अक्षराचं चित्र मात्र रॉममधून दर वेळी नव्याने उचललं जाई.

हे चित्र कसं असतं? १९८७च्या व्हीजीए कार्डावरचा इंग्रजी ‘ए’ पाहा. सोळा ओळी, प्रत्येक ओळीला एक बाइट. वरच्या दोन रिकाम्या. तिसरीत एकच ठिपका, चौथीत तीन, पाचवीत ते दोन पायांत फुटतात. पुढे दोन-दोन ठिपक्यांचे पाय सरळ खाली येतात, आठव्या ओळीत सात ठिपक्यांची आडवी पट्टी, आणि तळाच्या चार ओळी पुन्हा रिकाम्या. अशी २५६ चिन्हं मिळून ४,०९६ बाइट. इतक्या कमी सामग्रीत इतकं वाचनीय अक्षर घडवणं ही मला अस्सल कारागिरी वाटते.

आता या लेखाच्या नावातला रकाना. एमडीएच्या खणाची रुंदी नऊ ठिपक्यांची, पण एका बाइटमध्ये बिट आठच. नववा रकाना रॉममध्ये नाहीच; तो कार्ड स्वतः जोडतं आणि कोरा सोडतं. त्यामुळे अक्षरांना फुकटात मोकळी हवा मिळते. अडचण येते चौकटीच्या रेघांची. देवनागरीची शिरोरेषा जशी अक्षराला अक्षर भिडवून सलग राहते, तशीच आडवी रेघ एका खणातून दुसऱ्या खणात न तुटता जायला हवी. इथे आयबीएमच्या अभियंत्यांनी केलेली तजवीज विलक्षण आहे. १९२ ते २२३ क्रमांकांच्या चिन्हांपुरता कार्ड आठवा रकानाच नवव्यात पुन्हा छापतं. चौकटीची चिन्हं १७९पासून सुरू होतात, पण १७९ ते १९१मधलं एकही चिन्ह उजवीकडे हात पुढे करत नाही. उजवीकडे जाणारी सगळी १९२पासून पुढे बसवलेली. क्रमवारीच अशी लावली की कार्डाला फक्त क्रमांक पाहून निर्णय घेता यावा.

दुसरी गोष्ट ठिपक्याच्या आकाराची. जुन्या चार-बाय-तीन पडद्यांवर हा ठिपका चौरस नसे. रंगीत सीजीए कार्डाच्या ६४० बाय २०० पडद्यावर तो रुंदीच्या २.४ पट उंच. व्हीजीएच्या ७२० बाय ४०० मजकूर-पडद्यावर सुमारे १.३५ पट. म्हणून उभ्या रेघा दोन ठिपक्यांच्या आणि आडव्या एकाच ठिपक्याच्या. कागदावर बेढब दिसणारी ही विषमता काचेवर तोल साधत असे. आज एलसीडीच्या चौरस ठिपक्यांवर तीच अक्षरं जाडजूड, बसकी दिसतात आणि लोकांना तोच त्यांचा खरा चेहरा वाटतो. हा त्या फॉन्टवर अन्याय आहे.

देवनागरीला मात्र ही व्यवस्था अपुरी होती. ‘स्त्री’ एका खणात मावत नाही, ‘कि’ची वेलांटी व्यंजनानंतर टंकली तरी आधी दिसावी लागते, रफार आणि उकाराला वर-खाली जागा हवी. पुण्याच्या सी-डॅक या संशोधन संस्थेच्या जिस्ट कार्डाने हा प्रश्न हार्डवेअरमध्येच सोडवायला घेतला आणि डॉसच्या मजकूर-पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या. १९९१च्या इस्की मानकात भारतीय अक्षरांना वरच्या १२८ क्रमांकांत जागा मिळाली. पीसीच्या मूळ संचात चौकटीच्या रेघाही त्याच भागात होत्या. एकाच बाइटवर दोन हक्कदार! पीसीच्या फॉन्टचा इतिहास लिहिताना जिस्टचं हे काम तळटीपेत ढकललं जाऊ नये.

हे फॉन्ट आजही मिळतात. व्हाइलर या टोपणनावाने काम करणाऱ्या अभ्यासकाने जुन्या पीसींच्या रॉममधले फॉन्ट जमवून मोठा संच मोफत उपलब्ध केला आहे. त्यात उंच ठिपक्याचं प्रमाण सांभाळलेल्या आवृत्त्याही आहेत. वाचण्यासाठी त्याच घ्याव्यात. व्हीजीए फॉन्टची चौरस ठिपक्यांची आवृत्ती घेतली तर आकार १६च्या पटीतच ठेवावा, कडा मऊ करण्याची सोय बंद करावी आणि ओळींमध्ये जादा अंतर अजिबात सोडू नये. सोडलं तर चौकटीची उभी रेघ प्रत्येक ओळीपाशी तुटते.