चाकांवरची मांडणी

नांदत्या घरांत वस्तु हरवत नाहीं. ती कोणीतरी ‘नीट’ ठेवलेली असते! गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं आमच्या थोरल्या काकूंना दम्याची धाप लागली, तेव्हां त्यांचा पंप फडताळांत, देवघराच्या कोनाड्यांत आणि शेवटीं स्वयंपाकघरांत शोधावा लागला. तीं पांच मिनिटें आमच्या घरांत कोणीहि विसरलेलें नाहीं. आजाऱ्याचें सामान आजाऱ्याबरोबरच हिंडलें पाहिजे, असें त्या रात्रीं ठरलें.

याच विचारांत असतां मिलानच्या ज्यो कोलंबो यांनीं १९७० सालीं योजिलेल्या ‘बोबी’ नांवाच्या मांडणीची आम्हांस आठवण झाली. ती मूळची नकाशे रेखाटणाऱ्यांसाठीं. म्हणून तींत कागदाच्या उभ्या गुंडाळ्या ठेवण्याचीहि सोय आहे. अंग एबीएस प्लॅस्टिकचें, साच्यांतून काढलेलें. रुंदी अवघी ४३ सेंटिमीटर, आणि उंची थरावर थर चढवून वाढवावी तेवढी. खरी खुबी खणांत आहे. ते पुढें ओढावयाचे नसून कोपऱ्यांतील उभ्या खिळीभोंवतीं बाहेर फिरतात. त्यामुळें एक खण उघडला म्हणून दुसरा झांकला जात नाहीं. पंख्याच्या पात्यांप्रमाणें सारे पसरले कीं कोठें काय आहे तें एका दृष्टींत कळतें. कोलंबो १९७१ सालीं, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशींच, निवर्तले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें ही मांडणी जतन केली आहे. तिच्याजवळ तेथें औषधें नसावींत, एवढेंच काय तें उणें!

मूळ वस्तूची किंमत आम्हांस झेपणारी नव्हती. सुताराकडून त्याच धर्तीची लांकडी करून घेतली. बाटल्या खालच्या खणांत ठेवाव्या, नाहींतर खण फिरवतांच तोल जातो, हें एक बाटली फुटल्यावर समजलें. चाकांस अडकण हवीच. नाहींतर मुलें तिची गाडी करतात. उंबरठ्याचें मात्र कांहीं करतां आलें नाहीं. त्यावर उताराची फळी टाकण्यास आजींची संमति नाहीं. सबब मांडणीची फेरी काकूंच्या खोलीपासून माजघरापर्यंतच.

पंप आतां वरच्या खणांत असतो, शेजारीं चष्मा व जपमाळ. सर्वांत खालच्या खणांत सुपारीचा डबा आहे, हें डॉक्टरांस अद्यापि कळलेलें नाहीं.