हट्टा ते हाटू: कमी पैशात, कमी गर्दीत पहिल्यांदा स्कीइंग कुठं शिकायचं?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना नावं-आकडे लिहून घ्यायचे राहिले, अशांसाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जे 'हं', 'तर', 'म्हणजे' येतात ते बरेच काढलेत. सगळे काढले तर मी बोलतोय असं वाटणार नाही, म्हणून थोडे ठेवलेत.

आजचा प्रश्न तुमच्यापैकीच अनेकांनी विचारलेला: "भाऊ, बर्फात स्कीइंग शिकायचंय. कधी बर्फ बघितलेला नाही. गुलमर्गचं पॅकेज परवडत नाही. कुठं जाऊ?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. सुट्टी आठवडाभराची असेल, तर हिमाचलमधलं नारकंडा. सुट्टी पंधरा-वीस दिवसांची असेल, तर सरकारी संस्थेचा १४ दिवसांचा कोर्स. आता हे का, ते बघू. मी आणि माझे तीन मित्र हट्ट्याहून नारकंड्याला जाऊन आलो, त्यामुळं वाचलेलं आणि अनुभवलेलं असं दोन्ही सांगतो.

स्कीइंग 'करणं' आणि स्कीइंग 'शिकणं'

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पैसे वाया जातात ते इथंच. प्रसिद्ध ठिकाणी गाडीतून उतरलात की लोक घेरतात. कोट भाड्यानं, गमबूट भाड्यानं, वर घोडा. मग एक जण पायात स्की अडकवतो, हाताला धरून वीसेक पावलं ओढतो, फोटो काढतो, संपलं. माझ्या एका नातेवाइकांनी अशाच एका ठिकाणी पूर्ण 'स्की पॅकेज'चे पैसे भरले आणि बर्फावर पंधरा मिनिटं काढली. फोटो मात्र झकास आलेत.

म्हणून मी एक साधं गणित करतो: ट्रिपचा एकूण खर्च भागिले बर्फावर स्की घालून शिकलेले तास.

समजा, एक पॅकेज ३०,००० रुपयांचं. पाच दिवस फिरणं, त्यात स्कीइंग दोन तास. म्हणजे तासाला १५,००० रुपये. दुसरी ट्रिप २०,००० ची, चार दिवस रोज चार तास शिकणं, म्हणजे १६ तास. तासाला १,२५०. कुठली ट्रिप स्वस्त, हे आता सांगायची गरज नाही. कुणी पॅकेज विकायला आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: "बर्फावर एकूण तास किती, आणि एका इन्स्ट्रक्टरमागं माणसं किती?"

नवशिक्याला मोठा डोंगर लागतच नाही

इथं थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचंच आहे. घर्षण आणि हवेचा अडथळा सोडला, तर फक्त ५ मीटर उंचीवरून घसरत आलेल्या माणसाचा वेग तळाशी सेकंदाला जवळपास १० मीटर होतो. म्हणजे ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. ५ मीटर म्हणजे दोन मजली घरापेक्षाही कमी! प्रत्यक्षात घर्षणामुळं वेग कमी भरतो, पण मुद्दा कळला असेल. शिकायला छोटा उतार भरपूर होतो.

गुलमर्गचं नाव जगात झालंय ते अफरवटच्या उतारांमुळं. गाव सुमारे २,६५० मीटरवर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथला खोल, न दाबलेला बर्फ आणि तीव्र उतार हे मुरलेल्या लोकांचं काम आहे. हिमस्खलनाचा धोकाही तिथंच. नवशिक्या तिथं स्की करणारच नाही. मग ज्या उंचीचा आपल्याला उपयोग नाही, तिच्या नावावर वाढलेलं हॉटेलभाडं आपण कशाला भरायचं?

नवशिक्याला खरं लागतं ते एवढंच:

- हलका उतार, आणि तळाशी लांब सपाट जागा. ब्रेक नाही लागला तरी आपोआप थांबता आलं पाहिजे.
- रोज तोच इन्स्ट्रक्टर. दररोज नवा माणूस म्हणजे दररोज पहिला धडा.
- पायाला नीट बसणारे बूट. मोठे बूट गरम वाटतात, पण टाच आत हलली की स्की वळत नाही.
- जवळ दवाखाना आणि चालू रस्ता.

चार ठिकाणं, थोडक्यात

*गुलमर्ग:* बर्फ चांगला, आणि गावाजवळच्या कुरणात नवशिक्यांसाठी सोपे उतारही आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था १९६८ पासून तिथं आहे. तिच्या कोर्सला जागा मिळाली तर गुलमर्गसुद्धा स्वस्तात होतं. हॉटेल घेऊन स्वतः गेलात, तर जानेवारी-फेब्रुवारीत खिसा रिकामा.

*औली:* उत्तराखंडमध्ये, साधारण २,५०० ते ३,००० मीटर. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथं झाल्या. गढवाल मंडल विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे कोर्स चालवतं. उतार सुंदर. पण जानेवारी २०२३ मध्ये खालच्या जोशीमठात जमीन खचली, घरांना तडे गेले आणि रोपवे बंद करावा लागला. जायचं असेल तर रस्त्याची आणि बर्फाची ताजी माहिती घेऊनच जा.

*सोलंग:* मनालीजवळ. शिकवणारे खूप, पण गर्दीही तेवढीच. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे कोर्स मात्र दणकट असतात.

*नारकंडा:* सिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ५ वर, सुमारे २,७०० मीटर उंचीवर. याच मनालीच्या संस्थेचं ट्रेकिंग-स्कीइंग केंद्र इथं आहे. आपल्याकडची बहुतेक मंडळी सिमला-कुफरी करून मनालीकडं वळतात, त्यामुळं हे गाव मागं राहतं. वर सुमारे ३,४०० मीटरचं हाटू शिखर आणि हाटू मातेचं मंदिर. हट्ट्याच्या पोरांनी हाटूला जायचं, हे नावावरूनच ठरलं असं आमच्या ग्रुपमध्ये म्हणतात.

नारकंड्याचे तोटेही ऐका. उतार छोटे आहेत. मोठा गोंडोला नाही, घसरत खाली आलात की बऱ्याचदा स्की खांद्यावर घेऊन चढायचं. आणि बर्फाची खात्री गुलमर्गपेक्षा कमी. ज्याला आधीपासून स्की येतं, तो इथं दोन दिवसांत कंटाळेल. आपण त्यातले नाही, म्हणून चालतं.

बर्फ कधी पडतो, आणि तिकीट कधी काढायचं

ही सगळ्यात अवघड गाठ आहे. हिमालयातला हिवाळी बर्फ येतो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळं. तेच ते, बातम्यांतले 'वेस्टर्न डिस्टर्बन्स'. त्यांचा आपल्याकडच्या दमट वाऱ्यांशी मेळ बसला की मराठवाड्यात अवकाळी आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवतेय ना? म्हणजे ज्या ढगाला आपण हात जोडून "जा बाबा" म्हणतो, त्याचीच तिकडं वाट बघतात.

आणि वाट फक्त पर्यटक बघत नाहीत. नारकंड्याच्या शेजारी कोटगढ-थानेदार हा सफरचंदाचा पट्टा आहे. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेतून आलेल्या माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी तिथं सफरचंदाच्या नव्या जाती लावल्या आणि त्या भागाचं नशीब बदललं. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात कित्येक तास थंडीत झोपून राहावं लागतं, तेव्हा कुठं बहर नीट येतो. म्हणून तिकडचे शेतकरी बर्फाला 'पांढरं खत' म्हणतात. आम्ही राहिलो त्या घरच्या काकांची बाग होती. बर्फ कमी पडला की त्यांचा चेहरा कसा होतो, हे आम्हाला समजावून सांगायची गरज पडली नाही. जूनमध्ये आमच्या घरी तोच चेहरा असतो.

आता हा बर्फ बेभरवशाचा झालाय. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसुद्धा कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढं ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला.

अडचण अशी, की रेल्वेचं आरक्षण उघडतं ६० दिवस आधी, आणि बर्फाचा भरवशाचा अंदाज मिळतो पाच-सात दिवस आधी. आम्ही उपाय असा केला:

१. रेल्वे तिकीट ६० दिवस आधी काढलं. ते रद्द करायला फार पैसे जात नाहीत.
२. राहण्याची जागा फोनवर ठरवली, ॲडव्हान्स अगदी थोडा.
३. स्कीइंगचे पैसे आधी एक रुपयाही दिले नाहीत. उतार डोळ्यांनी बघितला, मग दिले.
४. निघायच्या आधी हवामान खात्याचा अंदाज बघितला आणि थेट गावात फोन लावून विचारलं. जुने रील बघून ठरवू नका.

तारीख म्हणाल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. आमच्यातल्या एकाच्या घरी हळद आहे. काढणी आणि शिजवणी सुरू झाली की त्याला गावातून हलता येत नाही. म्हणून आम्ही जानेवारीतच उरकलं. सुट्टी माझी ऑफिसातून मिळाली, त्याची शेतातून.

हट्ट्याहून कसं जायचं

परभणी किंवा पूर्णेला सचखंड एक्सप्रेस पकडायची. नांदेड-अमृतसर गाडी, दिल्लीवरून अंबाला छावणीला थांबते. सकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अंबाला, मध्ये गाडी बदलायची नाही. वाटेत काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर देतात, ताट-वाटी आपली ठेवा. हिवाळ्यात उत्तरेत धुकं असतं, गाडी लेट होणार हे धरूनच चला.

अंबाल्याहून कालका, आणि तिथून १९०३ पासून धावणारी ९६ किलोमीटरची छोटी रेल्वे सिमल्याला. घाई असेल तर चंदीगडहून बस. सिमल्याहून रामपूर-रेकाँग पिओकडं जाणाऱ्या हिमाचल परिवहनच्या बस नारकंड्यावरून जातात. सिमल्याच्या पुढचा प्रवास अंधारात करू नका. रस्त्यावरचं पाणी रात्री गोठतं आणि टायर घसरतात. एक रात्र सिमल्यात काढा.

खर्चाची मर्यादा आम्ही माणशी २० हजार ठेवली होती आणि तिच्या आत बसलो. कारण साधं: स्लीपरचा प्रवास, चौघांत दोन खोल्या, चौघांत एक इन्स्ट्रक्टर, आणि शनिवार-रविवार टाळले. सरकारी कोर्सशी तुलना करताना मात्र लक्षात ठेवा, की त्या फीमध्ये सहसा राहणं, जेवण, साहित्य आणि शिकवणं सगळं धरलेलं असतं.

हाडं शाबूत ठेवायची असतील तर

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कामून रे, चांगले पाय हायेत ते मोडून घ्यायला चाललास का?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

स्कीवर बूट ज्या कडीत अडकतो, तिला बाइंडिंग म्हणतात. पडताना पायाला पीळ बसला की ती सुटली पाहिजे, म्हणजे गुडघा वाचतो. ती किती जोरावर सुटावी हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि सराव यावरून लावतात. इन्स्ट्रक्टरनं वजन न विचारता स्की हातात दिली, तर तुम्हीच सांगा आणि सेट करून घ्या. जुनं, गंजलेलं बाइंडिंग दिसलं तर सरळ नाही म्हणा.

पहिला धडा ब्रेकचा: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे पाचरीसारखा आकार. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. पडायचंच झालं तर बाजूला पडा, मागं नाही. पहिल्या दिवशी आम्ही जास्त वेळ पडणं आणि उठणंच शिकलो. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडं वळता यायला लागलं. तेवढ्यासाठी एवढ्या लांब आलो याचं वाईट वाटलं नाही.

जायच्या महिनाभर आधी रोज भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायचा सराव करा, मांड्या तयार होतात. जीन्स आणि सुती कपडे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. लोकर किंवा सिंथेटिक घ्या. ताजा बर्फ ऊन्हातल्या अतिनील किरणांपैकी जवळपास ८० टक्के परत फेकतो, म्हणून गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. विमा असेल तर त्यात साहसी खेळ वगळलेत का, ते वाचा. आणि पोचल्याच्या दिवशी नुसता आराम. आपण मैदानातली माणसं, उंचीची सवय व्हायला एक दिवस लागतो.

बर्फच नसला तर?

तर हाटूच्या जंगलातून वर चालत जा, सफरचंदाचे बाग बघा, छोट्या रेल्वेनं परत या. स्कीचे पैसे आधी दिलेले नाहीत, त्यामुळं नुकसान फार नाही. पण "दोन इंच बर्फ आहे, चालतंय की" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खाली दगड असतात.

पैसे देण्याआधी फोनवर हे पाच प्रश्न विचारा, स्क्रीनशॉट काढून ठेवा:

१. आज उतारावर बर्फ किती आहे? आजचा व्हिडिओ पाठवाल का?
२. रोज किती तास, एका इन्स्ट्रक्टरमागं किती जण?
३. इन्स्ट्रक्टरनं कोर्स कुठल्या संस्थेतून केलाय?
४. माझ्या मापाचे बूट आहेत का?
५. बर्फ नसला तर पैसे परत मिळतील का?

पाचही उत्तरं सरळ मिळाली तर बिनधास्त जा. उत्तरं गोलगोल आली तर दुसरा नंबर फिरवा.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावाहून जायचा रस्ता काढायचा असेल तर जवळचं स्टेशन आणि सुट्टीचे दिवस लिहून पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन मार्ग काढून दाखवतो. आणि जो मित्र दरवर्षी "या वर्षी नक्की जाऊ" म्हणतो, त्याला हा भाग पाठवून द्या. भेटू, राम राम!