उतरलेला भाव आणि रास्त भाव

उतरलेला भाव आणि रास्त भाव या दोन भिन्न गोष्टी होत, हे मंडईत भाजी घेणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. शेअरबाजारात मात्र भल्याभल्यांना त्याचा विसर पडतो. अमेरिकेतील नॅसडॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर पोहोचला होता. इंटरनेट कंपन्यांच्या शेअरांना तेव्हा सोन्याचे दिवस आले होते. वर्षअखेरीस निर्देशांक २,४७० वर उतरला. मोलाचा माल निम्म्या किमतीत मिळतो आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ पर्यंत घसरला आणि निम्म्या भावात खरेदी करणाऱ्यांचेही अर्ध्याहून अधिक भांडवल बुडाले. जुना उच्चांक ओलांडण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

या फसगतीचे मूळ तुलनेत होते. आजचा भाव कालच्या भावाशी ताडून पाहिला जात होता आणि कालचा भावच निराधार होता. शेअर म्हणजे धंद्यातील वाटा. त्याचे मोल त्या धंद्याच्या पुढील कमाईवरून ठरते. नफ्याच्या दोनशेपट किमतीचा शेअर निम्म्यावर आला, तरी तो शंभरपटीने महागच राहतो. पाळीव प्राण्यांचे खाद्य विकणारी पेट्स डॉट कॉम ही कंपनी फेब्रुवारी २००० मध्ये ११ डॉलर भावाने बाजारात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिने गाशा गुंडाळला. तिचा शेअर एका डॉलरलाही स्वस्त नव्हता.

सर्वच कंपन्या पोकळ होत्या, असे मात्र नाही. इंटरनेटला लागणारी यंत्रसामग्री बनविणाऱ्या सिस्कोला भरघोस नफा होत होता. तथापि मार्च २००० मध्ये तिच्या शेअरचा भाव वार्षिक नफ्याच्या शंभरपटीहून अधिक होता. पुढे धंदा वाढला, पण तो भाव पुढील वीस वर्षांतही परत आला नाही. याउलट, डिसेंबर १९९९ मध्ये शंभर डॉलरांपलीकडे गेलेला ॲमेझॉनचा शेअर २००१ मध्ये सहा डॉलरांच्या आसपास आला, तेव्हा तो खरोखरच पाण्याच्या मोलाने मिळत होता. २००३ मध्ये कंपनीने प्रथमच संपूर्ण वर्षाचा नफा दाखविला.

भारतीय गुंतवणूकदारांनीही हा अनुभव घेतला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमच्या मूळ कंपनीचा शेअर २,१५० रुपयांना विकला गेला आणि बाजारातील पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्क्यांनी घसरला. त्या दिवशी स्वस्त समजून तो घेणाऱ्यांना वर्षभरात भाव पाचशे रुपयांच्याही खाली गेलेला पाहावा लागला.

तेव्हा घसरलेले इंटरनेट शेअर घ्यावेत की नाही, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. 'भाव किती पडला?' या प्रश्नातून मात्र काहीच निष्पन्न होत नाही. कंपनी किती कमावते, कमावत नसल्यास गाठची रोकड किती काळ पुरेल, आणि त्या कमाईसाठी आपण किती दाम मोजत आहोत, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने आयुष्याची पुंजी तेथे गुंतवू नये. ज्या भावाखाली कमाईचा पाया नाही, त्याचा तळ शून्यावरच असतो.