प्रवेश झाला, पुढे काय? क्रेडिट आणि शिष्यवृत्ती, दोन्ही हिशेब एकत्र सांभाळा

दरवर्षी जून-जुलैत आपल्या विहारांत आणि वस्त्यांत प्रवेशाची धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पसंतीक्रम, ऑनलाइन अर्ज यांत कार्यकर्ते रात्री उशिरापर्यंत गुंतलेले असतात. प्रवेश पक्का झाला की पेढे वाटले जातात आणि मदत केंद्र बंद होते. आमचे म्हणणे असे की, मदतीची खरी गरज त्यानंतर सुरू होते. पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यापुढे दोन हिशेब असतात, एक क्रेडिटचा आणि दुसरा शिष्यवृत्तीचा. हे दोन्ही हिशेब एकमेकांत गुंतलेले आहेत. एक चुकला की दुसराही अडतो.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १९१३ साली बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत होती तीन वर्षांची. तेवढ्या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढे लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण केले. विषयांची निवड आणि पैशाची मुदत हे दोन्ही त्यांनाही एकाच वेळी सांभाळावे लागले होते.

क्रेडिट म्हणजे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. या रचनेत प्रत्येक विषयाला क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, दिलेले असतात. वर्गातील १५ तासांच्या शिकवणीला एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक क्रेडिट, असा साधारण हिशेब आहे. एका सत्रात २० ते २२, वर्षाला ४० ते ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी मिळते.

ही क्रेडिट एकाच विषयाची नसतात. मुख्य विषय म्हणजे मेजर, त्याच्या जोडीला मायनर, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, एनएसएस किंवा क्रीडा यांसारखे सहअभ्यासक्रम आणि पुढे क्षेत्रप्रकल्प व प्रत्यक्ष कामाचा अनुभव असे कप्पे आहेत. प्रत्येक कप्पा स्वतंत्र भरावा लागतो. मेजरमध्ये उत्तम गुण आहेत म्हणून दोन क्रेडिटचा भाषेचा पेपर माफ होत नाही. आपली मुले नेमकी इथे फसतात. छोटा पेपर म्हणून दुर्लक्ष होते, तो राहतो आणि पुढच्या सत्रांच्या अभ्यासावर त्याचे ओझे पडते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या अभ्यासक्रमाचा आराखडा उतरवून घ्या. वहीच्या एका पानावर कप्पे आखा आणि प्रत्येक निकालानंतर किती भरले, किती उरले ते लिहा. अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा यांत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते का, एटीकेटी किती विषयांपर्यंत चालते, हे नियम विद्यापीठागणिक बदलतात. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक वाचा.

विषय निवडताना

खुला वैकल्पिक विषय निवडताना ‘सोपा कोणता’ एवढेच विचारले जाते. त्याऐवजी पुढे काय करायचे आहे ते विचारा. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर कला शाखेबाहेरच्या विद्यार्थ्याला राज्यशास्त्र किंवा इतिहास उपयोगी पडतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेबाचा किंवा संगणकाचा विषय नोकरीत कामी येतो. मूल्यशिक्षणात अनेक महाविद्यालयांत भारतीय संविधान शिकवले जाते. तो आपल्या घरचा विषय आहे असे समजून तयारीशिवाय परीक्षेला बसू नका.

पालीलाही ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. जिथे पाली शिकवली जाते तिथे ती जरूर घ्या. जिथे नाही तिथे विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी. मागणीच नसेल तर कोणतेही महाविद्यालय आपणहून विषय सुरू करणार नाही.

शिष्यवृत्तीचा हिशेब

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याहून अधिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीची, म्हणजे फ्रीशिपची, योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर होतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये, तर इतर ठिकाणी त्याहून कमी आहे.

धर्म ‘बौद्ध’ लिहिला तर सवलत जाईल, ही भीती आजही काही घरांत आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध झालेल्यांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. तेव्हा धर्माच्या रकान्यात अभिमानाने बौद्ध लिहा आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावर आहे तसेच लिहा. आडनाव बदललेले असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा. दाखला, आधार आणि गुणपत्रिका यांवरील नावांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडतो.

अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडून पुढे जावा लागतो. त्रुटी निघाली तर परत येतो, आणि विद्यार्थ्याने खाते उघडून पाहिले नाही तर तसाच पडून राहतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहा. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात, म्हणून कोणते खाते जोडलेले आहे याची बँकेत खात्री करा. जमा झालेल्या रकमेत महाविद्यालयाचे शुल्कही असू शकते. तो भाग घरखर्चात गेला तर परीक्षेच्या तोंडावर थकबाकीची यादी लागते. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तोंडी उत्तराला पुरावा नसतो.

हजेरी हा दोन्हींना जोडणारा धागा

बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि शिष्यवृत्तीसाठीही हजेरी पाहिली जाते. आपली अनेक मुले सकाळी पेपर टाकतात, रात्री डिलिव्हरीचे काम करतात, मुली घरकाम सांभाळून येतात. त्यांना ‘वर्ग चुकवू नका’ एवढे सांगून भागणार नाही. महाविद्यालय निवडतानाच वेळापत्रक पाहा आणि सकाळचे वर्ग कुठे आहेत ते विचारा. १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले, ते हीच अडचण ओळखून. आजारपण किंवा घरातील मृत्यू यांमुळे खाडे झाले तर कागदपत्रांसह लगेच अर्ज द्या, सत्र संपेपर्यंत थांबू नका.

बाहेर पडण्याचा दरवाजा

नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी कौशल्याची चार क्रेडिट जास्तीची मिळवावी लागतात. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. त्यासाठी डिजिलॉकरवरून आपला बारा अंकी अपार क्रमांक काढून ठेवा.

ही सोय वाईट नाही. पण पैसेवाल्या घरातील मुलासाठी ती निवड असते आणि गरीब घरातील मुलासाठी ती नाइलाज ठरू शकते. शिष्यवृत्ती रखडली, एक पेपर राहिला, घरचे म्हणाले ‘कामाला लाग’, की हातात एका वर्षाचे प्रमाणपत्र येते आणि शिक्षण संपते. नोकरीच्या बहुतेक जाहिरातींत पदवी मागतात, प्रमाणपत्र नव्हे.

त्यामुळे कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की मदत केंद्र जुलैत बंद करू नका. प्रत्येक सत्राच्या निकालानंतर एका रविवारी विहारात विद्यार्थ्यांना गुणपत्रिका आणि महाडीबीटीची माहिती घेऊन बोलवा. कोणाचा कोणता कप्पा रिकामा आहे, कोणाचा अर्ज परत आला आहे, हे वरच्या वर्गातील मुलांनी पाहावे. त्यासाठी ना निधी लागतो ना मंडप. ‘शिका’ या शब्दात वर्गात टिकून राहणेही येते, आणि टिकवून ठेवण्याचे काम समाजाचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!