यासोन आणि जेसन
आपल्या आष्ट्यात कृष्णा म्हटलं की नदी आठवते. महाभारतात द्रौपदीही कृष्णाच, तरी घोटाळा होत नाही. आता मराठी बायबल उघडा. ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय १७. पौलाला आसरा दिल्याच्या रागातून जमाव यासोनाच्या घरावर चालून जातो. पुढं तो जामिनावर सुटतो. ग्रीक पुराणात सोनेरी लोकरीचं कातडं आणणारा वीर जेसन. दोघांचं मूळ ग्रीक नाव एकच, इआसोन. म्हणजे बरं करणारा. यहोशवा नावाचे काही यहूदीही ग्रीकांत वावरताना हेच नाव घेत, कारण उच्चार जवळचा. बायबलातलं रूप ग्रीकजवळ राहिलं, पुराणातलं इंग्रजीमार्फत आलं. म्हणून एकाच नावाची ही दोन माणसं मराठीत परकी वाटतात. पुढच्या वेळी यासोन वाचाल, तेव्हा जेसनही आठवा.