व्हे, केसिन, सोया की वाटाणा? प्रोटीन पावडरमधला फरक समजून घ्या

जिमला नाव घातले की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, ‘प्रोटीन कुठले घेतोस?’ व्हे, केसिन, सोया, वाटाणा अशी नावे आणि त्यांच्या किमतींतली तफावत पाहून गोंधळ उडतो. यांत खरा फरक किती? आणि डबा घ्यायलाच हवा का?

व्हे आणि केसिन म्हणजे काय?

ही दोन्ही दुधातलीच प्रथिने आहेत. गायीच्या दुधातील प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे असते. श्रीखंडासाठी दही टांगल्यावर निथळणाऱ्या पाण्यात व्हे असते, तर फडक्यात उरलेल्या चक्क्यात मुख्यतः केसिन. चीज बनवताना उरणारे असेच पाणी गाळून, सुकवून व्हे पावडर तयार होते.

व्हे लवकर पचते. केसिनची पोटातील आम्लामुळे गुठळी होते आणि ते काही तास हळूहळू पचत राहते. स्नायूंच्या बांधणीला चालना देणारे ल्युसिन हे अमिनो आम्ल व्हेमध्ये सुमारे १० टक्के असते, सोयात सुमारे ८ टक्के.

वनस्पतींची प्रथिने कमी दर्जाची असतात का?

सरसकट नाही. शरीराला लागणारी नऊ अत्यावश्यक अमिनो आम्ले सोयाबीनमध्ये पुरेशा प्रमाणात असतात. मराठवाडा-विदर्भाच्या शेतात पिकणारे हे कडधान्य प्रथिनांच्या दर्जात दुधाच्या जवळ जाते. वाटाण्यात मेथिओनिन कमी पडते, तर गहू-ज्वारी-तांदळात लायसिन.

मात्र ही उणीव एकमेकांची भरून निघते. वरण-भात किंवा पिठलं-भाकरीत डाळीचे लायसिन धान्याला आणि धान्याचे मेथिओनिन डाळीला पूरक ठरते. दोन्ही एकाच घासात हवीत असेही नाही, दिवसभरात पोटात गेली तरी चालते.

रोज किती प्रथिने हवीत?

‘आयसीएमआर’च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या व्यक्तीला सुमारे ५४ ग्रॅम. आहारात धान्याचाच भर असेल किंवा नियमित जोरकस व्यायाम असेल, तर गरज वाढते.

दिवसभरातल्या जेवणाचा साधारण हिशेब असा:

- गव्हाचे पीठ २५० ग्रॅम: २६ ग्रॅम प्रथिने
- तूरडाळ ६० ग्रॅम: १३ ग्रॅम
- दूध पाव लिटर: ८ ग्रॅम
- शेंगदाणे मूठभर (३० ग्रॅम): ७ ग्रॅम

एकूण ५४ ग्रॅम. ताटात डाळ पातळ आणि दूध फक्त चहापुरते असेल, तर मात्र हा आकडा झपाट्याने खाली येतो.

डबा घ्यायचाच असेल तर?

किलोचा भाव पाहू नका, प्रथिनांच्या ग्रॅमचा भाव काढा. समजा १ किलोचा डबा २४०० रुपयांना आहे आणि त्यात ८०० ग्रॅम प्रथिने आहेत, तर १ ग्रॅम ३ रुपयांना पडले. तूरडाळ १६० रुपये किलो धरली, तर त्यातील २२० ग्रॅम प्रथिने ग्रॅममागे सुमारे ७५ पैशांना मिळतात. डाळीसोबत पिष्टमय पदार्थही येतात, हे खरे. तरीही डब्यासाठी आपण बरेचदा सोयीचे पैसे मोजतो.

दूध पचत नसेल तर लॅक्टोज अत्यल्प असलेले ‘आयसोलेट’ किंवा सोया-वाटाण्याची पावडर पाहावी. ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये लॅक्टोज अधिक असते. वेष्टनावर ‘एफएसएसएआय’चा १४ अंकी परवाना क्रमांक आहे ना, हे तपासावे.

कोणी जपून राहावे?

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर घेऊ नये. स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळावेत, असा सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक सूचनांत निरोगी लोकांनाही दिला आहे. त्यामुळे डबा मागवण्याआधी आठवडाभर ताटातील प्रथिने मोजा. जे कमी पडत असेल ते आधी डाळ, दही, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या यांतून भरून काढता येते का, ते पाहा.